कानातली शिट्टी मेंदू वाजवतो

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे किती आहेत, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांची चूल त्या गाळ्यांवर पेटते. कुणी पॉवर प्रेसवर आहे, कुणी पॉलिशवर, कुणी पत्रा कापतो, बायका भांडी पुसून पॅकिंग करतात. या घरांत आरोग्याचं काम करताना एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की समोरचा माणूस कानाकडे हात नेतो तेव्हाच ती मला कळते. "ताई, मशीन बंद झालं तरी कानात चालूच राहतं." कुणाला रातकिड्यासारखं, कुणाला कुकरच्या शिट्टीसारखं, कुणाला जुन्या ट्यूबलाइटच्या चोकसारखं. दिवसा गोंगाटात भान नसतं. रात्री दिवा मालवला की सुरू. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद असा शब्द आहे.

या माणसांना उत्तरं काय मिळतात? "वय झालं." "नस कमजोर आहे, टॉनिक घ्या." "कानात तेल सोडा." आणि अजूनही, होय, आपल्याही काही घरांत, "बाहेरचं काहीतरी आहे, कुणाला तरी दाखवून घ्या." ही चारही उत्तरं मला मान्य नाहीत. कानातला हा आवाज कुठून येतो याचं बरंच चांगलं उत्तर विज्ञानाने दिलेलं आहे. ते वस्तीपर्यंत यायला हवं, कारण पैसा कशावर घालवायचा नाही आणि हक्काने काय मागायचं, हे त्या उत्तरावर अवलंबून आहे.

आधी कान समजून घेऊ. कानाच्या पडद्यामागे, हाडाच्या आत, शंखासारखी वळलेली एक छोटी नळी असते. तिच्यात एका कानाला साधारण १५ हजार केसपेशी असतात. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी आवाजाची बातमी मेंदूला देतात, बाकीच्या आवाज वाढवून स्पष्ट करायला मदत करतात. या पेशी हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या ओळीने बसलेल्या असतात. नळीच्या तोंडाशी बारीक, उंच सुरांच्या. आत टोकाला जाड, खर्जाच्या सुरांच्या. प्रेसचा ठोका, ग्राइंडरची किंकाळी, डीजेचा दणका, या सगळ्याचा मार पहिल्यांदा उंच सुरांच्या पेशींना बसतो. कारखान्यातल्या माणसाची श्रवण चाचणी केली तर आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. तो पाहून अनुभवी तंत्रज्ञ विचारतो, "काम कुठे करता?" पक्ष्यांच्या या पेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत.

उंच सूर गेले की घरात भांडणं सुरू होतात, हे कुणी सांगत नाही. स, श, च, त, फ अशी व्यंजनं उंच सुरांची असतात, स्वर खालच्या सुरांचे. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द फुटत नाही. बायको म्हणते चहा, त्याला ऐकू येतं काहीतरी 'आहा'. तो म्हणतो मोठ्याने बोल, ती ओरडली की म्हणतो ओरडतेस कशाला. दोघंही खरं बोलत असतात.

आता मुद्द्याचा भाग. केसपेशींपासून मज्जातंतूच्या सुमारे ३० हजार तारा मेंदूकडे जातात. वाटेत स्टेशनं आहेत: मेंदूच्या देठात, मग मध्यभागी, शेवटी कानशिलाच्या आतल्या भागात. प्रत्येक स्टेशनात हार्मोनियमचा तोच क्रम पाळलेला असतो. बारीक सुरांच्या पेशी एका बाजूला, जाड सुरांच्या दुसऱ्या. आणि लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या मेंदूपेशी कधीच पूर्ण गप्प नसतात. पिनड्रॉप शांततेतही त्या अधूनमधून विजेचे बारीक ठोके देत असतात. ते आपल्याला ऐकू येत नाहीत, कारण एक तर ते विस्कळीत असतात, आणि दुसरं, शेजारच्या काही पेशींचं कामच त्यांना ब्रेक लावण्याचं असतं.

बारीक सुरांच्या केसपेशी मेल्या की मेंदूतल्या त्या पट्ट्याला बातमी येणं बंद होतं. तो पट्टा मग झोपी जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की आपण काय करतो? आवाजाचं बटण पिळतो. स्टेशन लागत नाही ते नाहीच, पण खरखर मात्र मोठी होते. मेंदू तेच करतो. बातमी कमी आली म्हणून तो बटण वाढवतो, ब्रेक सैल करतो. आधी जे ठोके विरळ होते ते दाट होतात. जे विस्कळीत होते ते एका तालात पडायला लागतात, कारण खऱ्या बातमीशिवाय बसलेल्या पेशी एकमेकींचंच ऐकू लागतात. आणि कानशिलातल्या शेवटच्या स्टेशनला एवढंच ठाऊक असतं की बऱ्याच पेशी एका तालात ठोके देत असतील तर तो आवाज आहे. मग आवाज ऐकू येतो. तोही कुठला? बहुतेकदा जे सूर गेले, त्याच सुरांच्या आसपासचा. म्हणून प्रेसवाल्याला बारीक शिट्टी ऐकू येते, ढोल ऐकू येत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी आपल्याच गाळ्यातलं उदाहरण देते. प्रेसमध्ये बोट गेलेले कामगार आपल्या ओळखीत आहेत. त्यांना विचारा. गेलेलं बोट खाजतं, ठणकतं, कधी मुठीत आवळल्यासारखं वाटतं. तो माणूस खोटं बोलत नाही आणि वेडाही झालेला नाही. बोट गेलं तरी मेंदूतली बोटाची जागा शिल्लक आहे, आणि रिकामी जागा मेंदू रिकामी ठेवत नाही. कर्णनाद म्हणजे गेलेल्या सुरांचं तेच दुखणं.

पुरावेही आहेत. मेंदूजवळची गाठ काढताना ज्यांची कानाची नसच कापावी लागली, त्यांच्यातल्या अनेकांचा कर्णनाद नस कापल्यावरही थांबला नाही, काहींचा तर वाढला. आवाज कानातच तयार होत असता तर तार तोडल्यावर तो बंद पडायला हवा होता. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० माणसांना आवाज न पोचणाऱ्या खोलीत बसवलं. शंभरातल्या ९४ जणांना काही ना काही आवाज ऐकू आला. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी १८ निरोगी माणसांच्या एका कानात सात दिवस बूच घालून ठेवलं. १४ जणांना कानात आवाज येऊ लागला. बूच काढल्यावर तो गेला. मला हा प्रयोग फार आवडतो. यंत्र नाही, सुई नाही, एक बूच आणि एक आठवडा, आणि मेंदूची खोड उघडी पडली.

आणखी एक गोष्ट, कारण तिच्यावरून माणसांना खोटं पाडलं जातं. "ऑडिओमेट्री नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही." २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबल आवाजात ठेवलं. काही दिवसांनी त्यांचं ऐकणं चाचणीत पूर्ववत झालं, केसपेशी शाबूत होत्या. पण केसपेशी आणि मज्जातंतू यांचे सांधे मात्र काही भागात निम्म्यापर्यंत कायमचे गेले होते. म्हणजे पट्टी शाबूत, तार तुटलेली. दोन वर्षांनी लंडनमध्ये शेटे आणि मॅकअल्पाइन यांनी श्रवण चाचणी नॉर्मल असूनही कर्णनाद असलेल्या स्त्रियांची तपासणी केली. त्यांच्या मज्जातंतूतून निघणारा संकेत कमजोर होता, पण मेंदूच्या वरच्या स्टेशनापर्यंत पोचेस्तोवर तो इतरांच्या बरोबरीला आलेला होता. मधल्या वाटेत बटण वाढवलं गेलं होतं. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरच्या माणसाला नाटकी ठरवू नका.

मग ऐकू कमी येणाऱ्या सगळ्यांनाच कर्णनाद का होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांतला एकजण त्याच्यासकट झोपतो आणि दुसरा रात्रभर येरझाऱ्या का घालतो? इथे मेंदूचा दुसरा भाग येतो, भीती आणि सावधपणाचा. पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये याची मांडणी केली. घड्याळाची टिकटिक मेंदू बिनमहत्त्वाची ठरवून बाजूला टाकतो. पण कानातल्या शिट्टीला 'धोका' असं लेबल लागलं की मेंदू तिच्यावर पहारा बसवतो. पहारा बसला की ती मोठी वाटते, मोठी वाटली की भीती वाढते, झोप उडते, आणि झोप उडालेल्या माणसाची शिट्टी दुसऱ्या दिवशी आणखी तीव्र असते. "डोक्यात गाठ असेल", "करणी केली असेल", असं ज्याच्या मनात कुणी भरवलं, त्याचा पहारा सगळ्यात कडक. म्हणून अंगारा देणारा नुसता पैसे नेत नाही, तो आजार वाढवतो.

विहारात ध्यानाला बसणाऱ्या काही मावश्या सांगतात की डोळे मिटले की कानात नाद सुरू होतो. त्यातल्या एकीला कुणीतरी सांगितलं होतं की ही साधना फळल्याची खूण आहे. मावशी, ती शांततेची खूण आहे. बाहेरचा आवाज कमी झाला, मेंदूने बटण वाढवलं. जे घडतंय ते जसं आहे तसं पाहायचं तर असं पाहा. ध्यान सोडू नका, पण श्रवण चाचणी करून घ्या.

आवाजाखेरीज दुसरं एक कारण आपल्या वस्त्यांना चांगलं माहीत आहे. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी वर्षानुवर्षं कानामायसिनची इंजेक्शनं दिली गेली. ती केसपेशी मारतात. वॉर्डात काम करताना मी पाहिलं आहे, पेशंट आधी "कान वाजतात" म्हणायचा आणि ऐकू येणं त्यानंतर जायचं. पहिली सूचना शिट्टीची असायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हे इंजेक्शन वगळायला सांगितलं आणि आता गोळ्यांचे उपचार आहेत. पण आधीच्या उपचारातून टीबीमधून वाचलेली आणि कान गमावलेली माणसं आपल्यातच आहेत. ती बरी झाली असं कागदावर लिहिलं गेलं. त्यांच्या कानांची वेगळी नोंद कुणी ठेवली?

उपचाराचं सरळ सांगते. मेंदूने वाढवलेलं बटण खाली आणणारी खात्रीची गोळी आज नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये पुरावे तपासून सांगितलं की जिंको, झिंक, मेलाटोनिन अशा गोष्टी कर्णनादासाठी सुचवू नयेत. आणि आपल्याकडे महिन्याच्या महिने याच पुड्या आणि टॉनिकं लिहून दिली जातात! याच तज्ज्ञांनी दोन गोष्टींच्या बाजूने कौल दिला. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार करावा. आणि शिट्टीची भीती घालवणारी, विचारांची सवय बदलणारी समुपदेशनाची पद्धत वापरावी. यंत्र का, हे वरच्या गोष्टीतून कळलंच असेल: बातमी पुन्हा यायला लागली की मेंदूला बटण पिळायची गरज कमी होते. फूटपाथवर मिळणारं आवाज वाढवायचं डबडं मात्र घेऊ नका. ते सगळेच सूर सारखे वाढवतं, उरलेल्या पेशींनाही मारतं. यंत्र चाचणीनुसार बसवावं लागतं. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. भाईंदरहून लोकलने जाता येतं. तिथे चाचणी होते आणि केंद्राच्या योजनेतून पात्र माणसाला श्रवणयंत्र मिळतं; उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा.

घरी करायचं ते एवढंच: रात्री पूर्ण शांतता ठेवू नका. पंखा चालू राहू द्या, रेडिओ हळू लावा, इतका की शिट्टी बुडणार नाही पण एकटीही राहणार नाही. दिवसभर कानात कापूस कोंबून बसू नका. इंग्लंडच्या बुचाचा प्रयोग आठवा. तेल, लसूण, काडी, स्टेशनबाहेरचा कान साफ करणारा, यांना कानापासून लांब ठेवा. आधी डॉक्टरकडून मळ आहे का ते बघून घ्या, कारण नुसता मळ काढूनही काहींचा आवाज थांबतो. बायकांनी रक्त तपासावं. हिमोग्लोबिन फार खाली गेलं की कानात नाडीच्या तालावर सूं-सूं होऊ शकतं. आणि थांबायचं नाही असे प्रसंग: अचानक एका कानाने ऐकू येणं बंद होणं, आवाज एकाच कानात असणं, नाडीच्या ठोक्यावर वाजणं, चक्कर, चेहरा वाकडा होणं. अचानक बहिरेपणाला औषध पहिल्या काही दिवसांत मिळालं तर उपयोग होतो. "सोमवारी सुट्टी घेईन तेव्हा दाखवेन" असं त्यात चालत नाही.

पण माझा खरा राग उपचारावर नाही. हा आजार टाळता येण्यासारखा आहे, आणि तो होऊ दिला जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. जगातले बरेच तज्ज्ञ ८५ धरतात, आणि दर तीन डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते हे लक्षात घेतलं तर हा पाचाचा फरक लहान नाही. आवाजामुळे आलेला बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंद करण्याजोगा आजार होता. तेव्हाच्या कर्मचारी भरपाई कायद्यात आणि कामगार विमा कायद्यातही तो व्यवसायजन्य आजार होता. कामगार विम्याचा पाया आठवा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकरांवर ही योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. पुढच्या वर्षी अहवाल आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगार विमा लागू होतो. म्हणूनच काही गाळ्यांत माणसं पंधरा आणि मस्टरवर सात असतात.

अपंगत्वाच्या दाखल्यातही गोम आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे 'कमी ऐकू येणारा' ठरायला बोलण्याच्या सुरांत दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट लागते. आपल्या प्रेसवाल्याचे बारीक सूर पार गेलेले, कानात दिवसरात्र शिट्टी, झोप नाही, तरी खालचे सूर टिकलेले म्हणून तो कायद्याच्या लेखी धडधाकट. मोजपट्टी कुणाच्या कानावरून ठरवली, हा प्रश्न आपल्या संघटनांनी विचारायला हवा.

आता घरचं भांडण. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत स्पीकरची भिंत उभी करणाऱ्या आपल्या पोरांवर मी नाराज आहे, आणि हे इथे छापून यावं अशी माझी इच्छा आहे. बापाच्या खांद्यावर बसलेलं चार वर्षांचं लेकरू त्या भिंतीपासून हातभर अंतरावर असतं. त्याच्याकडेही तेवढ्याच पेशी आहेत, आणि त्याला त्या सत्तर वर्षं पुरवायच्या आहेत. पोरं म्हणतात, गणपतीला, नवरात्रीला वाजतं ते चालतं, आमचंच डोळ्यांवर येतं. खरं आहे, तसं होतं. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सगळ्यांना सारखे आहेत: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, सरकारने सूट दिलीच तर वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस आणि तीही मध्यरात्रीपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सगळ्या धर्मांच्या सणांना हे बजावलं. तक्रार करताना सगळ्यांची करा. पण दुसऱ्याने आपल्या पोरांचे कान फोडले म्हणून आपण आपल्या पोरांचे फोडायचे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. आणि मिरवणुकीतल्या चार तासांवर तावातावाने बोलणारे शिकलेले लोक गाळ्यातल्या तीनशे दिवसांबद्दल गप्प असतात, हेही मला तितकंच खटकतं.

गाळ्यात जाणाऱ्यांनी या महिन्यात दोन कामं करावीत. मालकाकडे फोमचे बूच किंवा कानावरचे मफ मागा. कापसाने आवाज अडत नाही. बूच बोटांत वळून बारीक करायचं, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत दाबून धरायचं, नाहीतर ते नुसतं दाखवायला राहतं. मशीन बंद झालं की काढून टाकायचं. दुसरं काम, श्रवण चाचणी करून घ्या आणि आदल्या दिवशी मशीनवर जाऊ नका, कारण थकलेल्या कानाचा आलेख खरा येत नाही. रिपोर्टची मूळ प्रत घरी ठेवा. त्याच्या मागे पेनाने लिहा: कोणत्या साली कामाला लागलो, गाळा कुठला, मशीन कोणतं, दिवसाला किती तास, शिट्टी पहिल्यांदा कधी ऐकू आली. भरपाईचा अर्ज करायची वेळ आली तर पहिले प्रश्न हेच असतात.